किचन नसताना चरबी कमी करायची असेल तर: दिवसात एकच 'आंधळं जेवण'

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वय ३१, उंची १७० सेंमी, वजन ८४ किलो, दिवसभर बसून काम, राहता त्या खोलीत किचन नाही, एक छोटा फ्रीज आणि पाणी गरम करायची किटली एवढंच सामान. स्वयंपाक येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही (हे सरळ लिहिलंत ते आवडलं). तिन्ही वेळा बाहेरचं खाणं. मागे तीन महिने रात्रीचं जेवण बंद केलं, ४ किलो उतरलं आणि पुढच्या दोन महिन्यांत ५ किलो परत आलं. आता विचारताय की घरी न शिजवता पोटाची चरबी जाते का, की आधी शेगडी आणि भांडी घ्यावीच लागतील, आणि रात्रीचं जेवण परत सोडू का.

जाते. शेगडी नको. रात्रीच्या जेवणाचं शेवटी सांगते कारण त्याआधी बाकीचं समजायला हवं.

मी आहारतज्ज्ञ म्हणून सोळा वर्षं काम करतेय आणि माझ्याकडे हॉस्टेलवाले, फिरतीची नोकरीवाले, रात्रपाळीवाले असे खूप लोक येतात. सुरुवातीची काही वर्षं मी या सगळ्यांना 'शक्यतो घरचं खा' असं सांगायचे, ते मान डोलवायचे आणि परत यायचे नाहीत. मला वाटायचं लोकांमध्ये चिकाटी नाही. नंतर एका फिरतीवरच्या माणसाने तोंडावर सांगितलं की मॅडम, तुम्ही मला जे सांगितलंत ते करायला आधी घर लागतं, मी महिन्यातले बावीस दिवस घरी नसतो. तेव्हापासून मी प्रश्नच वेगळा विचारायला लागले, की घरी शिजवल्यावर नेमकं काय मिळतं जे बाहेर मिळत नाही? त्याची यादी केली तर तीनच गोष्टी निघतात. एक, तेल किती पडलं ते तुम्हाला माहीत असतं. दोन, ताटात किती घ्यायचं ते तुम्ही ठरवता. आणि तीन, काय खायचं हे भूक लागायच्या आधी ठरलेलं असतं, कारण सामान आधीच आणून ठेवलेलं असतं. तुमचं वजन वाढलंय ते या तीन गोष्टी दुसऱ्याच्या हातात गेल्यामुळे, शेगडीशी त्याचा फारसा संबंध नाही. आणि या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी न शिजवता परत आपल्या हातात घेता येतात, पूर्ण नाही पण पुरेशा.

आता काय कशावर अवलंबून आहे ते आधीच बोलून घेऊ. मी तुम्हाला तपासलेलं नाही. तुम्हाला डायबेटीस असेल आणि इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर अचानक खाणं कमी केल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, मग हे सगळं डॉक्टरला विचारून. किडनीचा त्रास असेल तर खाली प्रोटीनचे जे आकडे आहेत ते तुमच्यासाठी नाहीत. आधी कधी खाण्याशी भांडण झालेलं असेल, म्हणजे उपाशी राहणं मग तुटून पडणं मग ओकारी काढणं असं काही, तर कॅलरी मोजायच्या भानगडीत एकट्याने पडू नका. यातलं काहीच नसेल तर पुढे वाचा. तुम्ही अंडी, मासे, चिकन खाता की नाही ते लिहिलेलं नाहीये म्हणून दोन्ही बाजूचं देते.

आकडे आधी उरकून टाकू. वजन, उंची, वय आणि पुरुष की स्त्री हे घालून शरीर नुसतं पडून राहिलं तर दिवसाला किती कॅलरी जाळतं याचं एक सूत्र आहे, १९९० मध्ये आलेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र, ते लावलं तर तुमचे साधारण १७५० येतात. बसून काम, थोडं चालणं धरून दिवसाचा खर्च २३०० च्या आसपास. हा अंदाज आहे, दहा टक्के इकडेतिकडे होणारच. म्हणून सुरुवातीला १८५० वर या. रोजची तूट ४५० म्हणजे आठवड्याची ३१५०, आणि एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात असं धरतात, म्हणजे आठवड्याला ४०० ग्रॅम. ऐकायला फार कमी वाटतं ना? तुमचे मागचे ४ किलो याहून काही फार वेगात उतरले नव्हते, तीन महिन्यांत आठवड्याला ३०० ग्रॅमच पडले, फक्त उपाशीपोटी. प्रोटीन दिवसाला १०० ते ११५ ग्रॅम. हे मी तुमच्या आजच्या वजनावर नाही, जिथे पोचायचंय त्या ७० ते ७२ किलोवर, किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास काढलंय. प्रोटीन यासाठी की तुटीत असताना शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्चायला बघतं आणि त्याला थांबवायला प्रोटीन आणि वजनं उचलणं हे दोनच उपाय हाताशी आहेत. शिवाय पोट भरल्यासारखं वाटतं, ते वेगळंच.

आणि हो, 'पोटाची' चरबी असं ठरवून काढता येत नाही. शरीर आपल्या मर्जीने कुठूनही काढतं, बहुतेक पुरुषांचं पोट शेवटी जातं. पोटाचे व्यायाम केले तर पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यावरची चरबी तशीच बसून राहते.

आता मुख्य मुद्दा. माझ्याकडे ज्यांना किचन नाही त्यांच्याबरोबर मी एक शब्द वापरते, 'आंधळं जेवण'. ज्या जेवणात किती तेल, किती साखर, किती वजन हे आपल्याला दिसत नाही ते आंधळं. हॉटेल, कॅन्टीन, खानावळ, ऑर्डर करून मागवलेलं, लग्नातलं, सगळं आंधळं. याच्या उलट जे तुम्ही पाकिटावर वाचून, मोजून किंवा नग मोजून खाता ते डोळस. सालासकट केळं हे डोळस आहे, मध्यम आकाराचं असेल तर १०५ कॅलरी, त्यात कोणी गुपचूप तेल घालू शकत नाही. उकडलेलं अंडं डोळस, ७० ते ७५ कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीन. दुधाची पिशवी, दह्याचा डबा, ब्रेडची स्लाइस, ओट्स, हे सगळं डोळस. तुमची सध्या दिवसात तीन जेवणं आंधळी आहेत. मला ती एकावर आणायचीयेत. शून्यावर नाही, कारण शून्यावर आणलं की माणूस तीन आठवड्यांत कंटाळतो आणि मग एक दिवस असा सुटतो की विचारू नका.

सकाळचं आणि दुपारचं डोळस करा असं मी सहसा सांगते कारण बहुतेकांना रात्री गरम, नीट जेवण हवं असतं. तुमचं उलट असेल, म्हणजे दुपारी ऑफिसात सगळ्यांबरोबर जेवावंच लागत असेल, तर दुपारचं आंधळं ठेवा आणि रात्रीचं डोळस. क्रमाने काही फरक पडत नाही.

सकाळ: ४० ग्रॅम ओट्स आणि साधारण २०० ग्रॅम बिनसाखरेचं घट्ट दही, ज्याला ग्रीक योगर्ट म्हणतात ते, रात्री डब्यात एकत्र करून फ्रीजमध्ये, थोडं दूध शिंपडून. सकाळी त्यात एक फळ चिरून. ओट्स कच्चे खायचे का असं सगळे विचारतात. पाकिटातले चपटे ओट्स कारखान्यात वाफवूनच लाटलेले असतात, भिजवले की झालं. हे ३७० ते ४०० कॅलरीत बसतं आणि २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. दही घेताना मागचं लेबल वाचा, फळाच्या चवीची जी दही मिळतात त्यात साखर भरपूर असते, आणि साध्या दह्यात प्रोटीन १०० ग्रॅमला साडेतीनच्या आसपास तर घट्ट गाळलेल्यात ९-१० असतं, म्हणजे नाव दही असलं तरी हिशोब पूर्ण वेगळा.

दुपार: तीन उकडलेली अंडी, दोन स्लाइस ब्रेड, काकडी टोमॅटो गाजर जितकं चावून होईल तितकं. ४१० कॅलरी, २५ ग्रॅम प्रोटीन. अंड्यांसाठी विजेवर चालणारं छोटं अंडी उकडायचं यंत्र मिळतं, पाणी ओता, बटण दाबा, याला स्वयंपाक म्हणत असाल तर तुमची मर्जी. चहाच्या किटलीत अंडी उकडू नका प्लीज, माझ्याकडच्या एका पोराने ते केलं, अंडं आत फुटलं आणि पुढचा महिनाभर त्याच्या चहाला जो वास यायचा तो त्यानेच वर्णन करून सांगितलेला बरा. अंड्यांऐवजी सीलबंद डब्यात मिळणारा पाण्यातला ट्यूना मासा, पाणी काढून १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रोटीन आणि ११०-११५ कॅलरी, हा तर न शिजवणाऱ्यांसाठी वरदान आहे, फक्त तेलातला घेऊ नका. अंडी-मासे नको असतील तर टोफू किंवा डब्यातली शिजवलेली कडधान्यं, धुऊन घ्या म्हणजे मीठ बरंच जातं, पण प्रोटीनसाठी मग दही किंवा दूध जोडावं लागेल, नुसत्या कडधान्याने २५ पर्यंत पोचायला बरंच खावं लागतं.

मधल्या वेळेला एक चमचा, म्हणजे त्या डब्यातला मोठा चमचा, व्हे प्रोटीन पाण्यात ढवळून, १२० कॅलरी आणि २४ ग्रॅम. काही लोकांना याची भीती वाटते. दुधापासून पनीर किंवा चीज करताना जे पाणी उरतं त्याची ती पूड आहे, त्यात जादू नाही आणि विषही नाही. नको असेल तर नका घेऊ, प्रोटीन दुसरीकडून भरा. उरले फळ आणि थोडासा सुकामेवा मिळून १५० कॅलरी. इथे मात्र सावध, शेंगदाणे किंवा बदाम ३० ग्रॅम म्हणजे १७० कॅलरी, आणि पिशवी हातात धरून काम करत बसलात की ३० ग्रॅम केव्हा १०० झाले कळत नाही, म्हणजे पावणेसहाशे. 'हेल्दी' म्हणून लोक हे मोजतच नाहीत. मला जर एखाद्याचं वजन का उतरत नाही ते शोधायचं असेल तर मी आधी सुकामेव्याची बरणी कुठे ठेवलीये ते विचारते.

आता उरलं एक आंधळं जेवण आणि त्यासाठी ८०० कॅलरी. ८०० बऱ्याच आहेत, माणसासारखं जेवता येतं. पण इथेच सगळा खेळ आहे. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे १४ ग्रॅम, १२० कॅलरी. हॉटेलच्या स्वयंपाकात असे तीन चमचे जास्तीचे पडले तर ३६० झाले आणि तुमची दिवसाची तूट ४५० होती, म्हणजे तीन चमच्यांत ती जवळपास संपली, आणि तुम्ही तर 'आज भाजीच खाल्ली' असं समजून झोपणार. हॉटेलवाला वाईट नाहीये, तेलाने चव येते, रंग येतो, गिऱ्हाईक परत येतं, त्याच्या जागी मी असते तर मीही घातलं असतं. मी काय करायला सांगते तर, मागवताना आधी प्रोटीनचा पदार्थ ठरवा आणि तो भाजलेला, वाफवलेला किंवा ग्रिल केलेला असेल तर उत्तम. रस्स्याचा असेल तर तुकडे चमच्याने उचलून घ्या, रस्सा तळाशी राहू द्या, जेवून झाल्यावर वाटीत थंड होताना जो लाल किंवा पिवळा थर वर येतो तो बघा म्हणजे पुढच्या वेळी कोणी सांगायची गरज पडणार नाही. सॉस, ड्रेसिंग, मेयोनीज वेगळं मागा. भात आला की जेवायला सुरुवात करायच्या आधी अर्धा बाजूला काढा किंवा डब्यात भरा, 'भूक असेल तेवढाच खाईन' हे चालत नाही, समोर जास्त असलं की माणूस जास्त खातो हे इतक्या वेळा मोजून झालंय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शिजलेला भात १०० ग्रॅमला १३० कॅलरी, अर्धा काढलात की दीड-दोनशे तिथेच वाचतात.

पिण्याचं एका वाक्यात: कोल्ड्रिंकचा ३३० मिलीचा कॅन म्हणजे साधारण ३५ ग्रॅम साखर आणि १४० कॅलरी, ज्यूस त्याच्या फार मागे नाही, दारूच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी आणि वर सोबतचं चरणं, त्यामुळे आंधळ्या जेवणाबरोबर पाणी.

यानंतर एक गोष्ट आहे जी मला शिकायला खूप वर्षं लागली आणि तीच या सगळ्यात सगळ्यात उपयोगी आहे. आंधळं जेवण अचूक मोजायचा प्रयत्नच करू नका. तुमचा अंदाज चुकणार, माझाही चुकतो. १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, 'आम्ही १२०० च्या आत खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणारे लोक घेतले आणि ते खरंच किती खातात ते शास्त्रीय पद्धतीने मोजलं, तर त्यांनी खाल्लेलं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ही माणसं खोटारडी नव्हती, अंदाज असेच असतात. मग उपाय काय, तर चूक एकसारखी करा. म्हणजे दोन-तीनच जागा ठरवा, तिथले चार-पाचच पदार्थ ठरवा, आणि आलटून पालटून तेच खा. समजा तुम्ही ते जेवण ८०० धरलंत आणि खरं ते १०५० आहे. रोज तेच असेल तर तीन आठवड्यांनी वजनकाटा सांगेल की ठरल्याच्या निम्म्यानेही उतरत नाहीये. आता २५० नक्की कुठून येतायत ते शोधत बसायची गरजच नाही. सुकामेवा बंद, भात अजून थोडा कमी, झाले २५० वजा. पण रोज नवं हॉटेल, नवा पदार्थ असेल तर चूकही रोज नवी, मग काट्यावरून काहीच कळत नाही आणि माणूस म्हणतो माझं मेटाबॉलिझम खराब आहे. मेन्यूकार्डवर कॅलरी छापलेल्या असल्या तरी त्यावर डोळे झाकून जाऊ नका, २०११ मध्ये अमेरिकेत रेस्टॉरंटचे पदार्थ प्रयोगशाळेत तपासले तेव्हा सरासरी बरोबर निघाली पण जवळपास पाचातल्या एका पदार्थात छापल्यापेक्षा १०० किंवा त्याहून जास्त कॅलरी होत्या.

वजनकाट्याबद्दलही सांगते कारण बाहेरचं खाणाऱ्यांना तो फार छळतो. बाहेरच्या जेवणात मीठ जास्त, मीठ पाणी धरून ठेवतं, त्यात भात-ब्रेड जास्त झाला की शरीर त्यातली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी. म्हणून आदल्या रात्री जड जेवण झालं की सकाळी एक-दीड किलो वाढलेलं दिसतं. ती चरबी नाही, एका रात्रीत दीड किलो चरबी करायला अकरा हजारांहून जास्त कॅलरी लागतील, तेवढं तुम्ही खाल्लं असतं तर वजनकाट्यापर्यंत चालत गेला नसतात. रोज सकाळी वजन करा पण बघायची ती सात दिवसांची सरासरी, आणि या आठवड्याची मागच्या आठवड्याशी. आणि हेच उलट्या बाजूने, पहिल्या आठवड्यात दोन किलो गेलं म्हणून नाचू नका, त्यात बरंच पाणी असतं. कमरेचं माप पंधरा दिवसांनी एकदा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून.

तुम्ही लिहिलंय की तुमचे मित्र म्हणतात बाहेरचं 'घाणेरडं' खाऊन वजन उतरूच शकत नाही. उतरू शकतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीतले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी स्वतःवरच करून दाखवलं होतं, दहा आठवडे मुख्यतः क्रीमचे केक, चिप्स, बिस्किटं असलंच खाल्लं, जोडीला थोड्या भाज्या, प्रोटीन शेक आणि व्हिटॅमिनची गोळी, पण एकूण १८०० कॅलरीच्या आत, आणि १२ किलोच्या आसपास वजन उतरलं. मी हे करा असं सांगत नाहीये. कारण त्याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवा, २०१९ चा, संशोधक केविन हॉल यांच्या गटाचा. वीस जणांना चार आठवडे एका जागी ठेवलं, दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, फॅट, फायबर सगळं सारखं आणि हवं तितकं खा म्हणून सांगितलं. प्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि खायचीही भरभर. प्राध्यापक मोजून खात होते म्हणून जमलं, तुम्ही भूक लागल्यावर पाकीट फोडणार असाल तर नाही जमणार. म्हणूनच मी न शिजवता खायच्या यादीत चावावं लागणाऱ्या, ओल्या, जड गोष्टी भरते, काकडी, गाजर, फळं, दही, अंडी, आणि बार-बिस्किटांना लांब ठेवते, मग त्यावर मोठ्या अक्षरात प्रोटीन लिहिलेलं का असेना.

न शिजवणाऱ्यांनी एक काळजी घ्यायची ती पोट बिघडण्याची, आणि हे मी गंभीरपणे सांगतेय. राजमा नुसता भिजवून खायचा नाही. त्यात एक विषारी प्रथिन असतं ते चांगलं खदखदा उकळल्याशिवाय जात नाही, मूठभर कच्च्या दाण्यांनीसुद्धा उलट्या-जुलाब होतात. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, तो चालतो. कच्ची अंडी दुधात फोडून पिणं हा पराक्रम नको. मोड आलेली कडधान्यं कच्ची खाताना जपून, मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. बाहेरून आणलेलं शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि बाजूला काढलेला तो अर्धा भात सुद्धा, रात्रभर टेबलावर ठेवून सकाळी खाऊ नका. चिरलेली फळं विकत घेण्यापेक्षा अख्खी घ्या, एक सुरी तर ठेवाल ना खोलीत.

व्यायामाचं तुम्ही विचारलं नाहीत म्हणून थोडक्यात. आठवड्यातून दोनदा-तीनदा वजनं किंवा जोर-बैठका, स्नायू टिकवायला. आणि चालणं. दहा हजार पावलांचा आकडा डोक्यातून काढा, तो १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आणलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. सध्या जेवढी पावलं होतात त्यात दोन-अडीच हजार वाढवा, पुरे. चाललो म्हणून जास्त खाल्लं चालेल असा हिशोब मात्र करू नका, त्यात सगळे स्वतःला सवलत देतात, मीसुद्धा.

आता सुरुवात कशी करायची. सगळं एकदम नको. पहिला आठवडा फक्त सकाळचं बदला, बाकी दोन्ही वेळा जसं खाताय तसंच. दुसऱ्या आठवड्यात दुपारचं. तिसऱ्यात आंधळ्या जेवणाच्या जागा आणि पदार्थ ठरवा, कागदावर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवा, कारण रात्री नऊ वाजता भुकेल्या पोटी ऑर्डरचं अॅप उघडलं की माणूस जे ठरवतो त्याला ठरवणं म्हणत नाहीत. फ्रीजमध्ये नेहमी दोन दिवसांचं सामान जास्तीचं असू द्या. आणि एखाद्या दिवशी दोन किंवा तिन्ही जेवणं आंधळी झाली, लग्न असेल, प्रवास असेल, तर दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई नको, दुसऱ्या दिवशी फक्त पुन्हा एकावर या.

आणि रात्रीचं जेवण. परत सोडू नका. मागच्या वेळी तुम्ही रात्रीचं जेवण सोडलंत पण दिवसातली उरलेली दोन जेवणं आंधळीच होती, फक्त तूट कशीबशी पडत होती, प्रोटीन बहुधा कमी होतं त्यामुळे चार किलोत थोडा स्नायूही गेला असणार, आणि मुख्य म्हणजे रोज रात्री भुकेशी लढाई. ज्या दिवशी ती लढाई थांबवलीत त्या दिवसापासून तुम्ही आधीसारखंच तीन वेळा आंधळं खायला लागलात, कारण त्या तीन महिन्यांत दुसरी कुठलीच सवय लागलेली नव्हती. काही लोकांना रात्री न जेवणं खरंच सोपं जातं, त्यांनी खुशाल सोडावं, कॅलरी सारख्याच राहिल्या तर वेळेने फार फरक पडत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की अकरा वाजता पोटात कावळे ओरडायचे आणि आठवड्यातून दोनदा खाली जाऊन काहीतरी तळलेलं खाऊन यायचात. म्हणजे तुम्ही त्या लोकांपैकी नाही. तुमचं ते ८०० वालं जेवण रात्रीच ठेवा, साडेआठ-नऊच्या सुमारास, गरम आणि बसून. तीन आठवड्यांनी सात-सात दिवसांच्या सरासऱ्या इथेच टाका, आणि अंडी-मासे खाता की नाही तेही लिहा, म्हणजे दुपारचं नीट बसवून देते.